आंबोलीतील चापडा : पावसाळी रात्रीच्या फेरीचा वृत्तांत

मलबारी चापडा पाहायचा, एवढ्याच हेतूने आम्ही ऐन जुलैत आंबोलीला गेलो. हा विषारी साप पश्चिम घाटाबाहेर कुठेही आढळत नाही, आणि पावसाळ्यात तो ओढ्याकाठच्या झुडपांत, बऱ्याचदा कमी उंचीवर बसतो. राखीव वनात रात्री परवानगीशिवाय जाता येत नसल्याने गावातला जाणकार वाटाड्या घेऊन आम्ही गावालगतच्या पाऊलवाटेनेच निघालो.

पहिला चापडा वाटाड्याने टॉर्च रोखून दाखवला, तरी तो दिसायला आम्हाला बराच वेळ लागला. शेवाळलेल्या फांदीवर हिरवट-तपकिरी वेटोळे, त्रिकोणी डोके आणि डोळा व नाकपुडी यांच्यामधली ती खळगी, जिच्यामुळे त्याला अंधारातही भक्ष्याच्या अंगची ऊब जाणवते. बेडकाची वाट पाहत तो तासन्‌तास हलत नाही. दुसऱ्या रात्रीही तो त्याच फांदीवर होता. धोका नेमका या निश्चलतेत आहे, कारण हा साप वाट सोडून पळत नाही. जळू काढायला वाकताना किंवा निसरड्यावर तोल जाताना जवळची फांदी धरण्याची सवय येथे मोडावीच लागते. आधी टॉर्च फिरवावा, मगच हात पुढे करावा.

गमबूट आणि जादा टॉर्च हवाच. छायाचित्रासाठी काठीने साप हलवणारे महाभाग आम्हालाही भेटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, हे अशांना स्पष्ट सांगावे.

आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषावर बनवलेली आहे. चापड्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही, पण वेदना आणि सूज भयंकर असते. दंश झालाच तर अंगठी, कडे लगेच काढावे, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, तो अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. सावंतवाडी तिथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे, पण वाटेत धुक्यातला घाट आहे; म्हणून घाट ठाऊक असलेला चालक आणि गाडी रात्रभर हाताशी ठेवावी.