चेनपासून सुरुवात करा

मोटरसायकलचं काम स्वतः शिकायचं असेल तर सुरुवात चेनपासून करा. बहुतेक जण ऑईल बदलण्यापासून करतात, कारण ते सोपं वाटतं. बोल्ट सोडायचा, काळं तेल काढायचं, नवं ओतायचं. पण त्यातून गाडी फारशी कळत नाही. चेन हाताला लागते, तिचा आवाज येतो आणि बिघडायच्या आधी ती बरेच दिवस कुरकुर करत असते. ती कुरकुर ऐकायची सवय लागली की बाकीची कामं आपोआप जवळची वाटायला लागतात.

मी पाटण तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. स्प्लेंडरच्या एका अंगाला गोणपाटात गुंडाळून बांधलेला, गोठवलेलं वीर्य ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर, दुसऱ्या अंगाला बॅग. ढेबेवाडी खोरं, तारळे, वरचा सडावाघापूरचा चढ, असा सगळा भाग. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की पुढचा माज साधारण २१ दिवसांनी. तेवढे दिवस शेतकऱ्याचा चारा-पेंडीचा खर्च काही थांबत नाही. इकडे कंटेनरमधला नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, तो उडत राहतो. गाडी घाटात अडकली म्हणून तो थांबत नाही. त्यामुळे गाडीचं काम मी गरजेपोटी शिकायला घेतलं. गोडी मागाहून लागली.

शिकवलं शेजारच्या आप्पांनी. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहेत, पण हातातली नजर तशीच आहे. पहिल्या दिवशी मी पाने घेऊन गेलो, तर म्हणाले, "हत्यारं ऱ्हाऊ दे बाजूला. आधी गाडी धू, मग हात लाव." धुवायला लावायचं कारण नंतर समजलं. चिखल निघाल्याशिवाय कुठला नट ढिला आहे, कुठून तेल पाझरतंय, कुठली केबल सोललीय, यातलं काही दिसत नाही. आमच्याकडची तांबडी माती पावसाळ्यात चेनच्या कव्हरमध्ये जाऊन बसते आणि तेलात कालवून तिची घासणारी लेई होते.

आता चेन. गाडी मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. यातलं इंजिन बंद हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत चेनला तेल सोडणारे लोक मी रोज बघतो, आणि मला भीती वाटते. चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) मध्ये चिंधी ओढली गेली तर तिच्यामागे बोट जातं. चाक हातानेच फिरवा.

स्प्लेंडरला चेन पूर्ण झाकलेली असते. कव्हरला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढलं की बोट आत जातं. चेन वर दाबायची, खाली सोडायची. हा झोल साधारण २० ते ३० मिलिमीटर हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मात्र एकाच जागी बघून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ती ताठ लागते, दुसऱ्या जागी लोंबते. जिथे सगळ्यात ताठ लागते तिथलंच माप धरायचं. फरक फार मोठा असेल तर ती चेन संपली. मग नुसती चेन न घेता दोन्ही स्प्रॉकेटसकट पूर्ण सेट घ्यायचा. झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

ढिली चेन खडखडते, ते सगळ्यांना ऐकू येतं. ताठ चेन गप्प असते, म्हणून ती जास्त वाईट. मागे माणूस बसला, खड्ड्यात चाक वर गेलं की चेन आणखी ताणली जाते. तो ताण मग चाकाच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो. नवशिका माणूस आवाज बंद झाला म्हणून खूश होतो आणि चेन ताठ करून ठेवतो. आप्पांचं यावर एकच म्हणणं, "जरा ढिली चाललं, ताठ नको."

चेन ओढायची तर मागच्या ॲक्सलचा नट ढिला करायचा, स्प्रॉकेटच्या बाजूचा स्लीव्ह नट ढिला करायचा, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. एका बाजूला अर्धा फेरा तर दुसऱ्या बाजूलाही अर्धाच. स्विंग आर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, खुणा असतात, त्या दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि जी गोष्ट फार कमी जण सांगतात ती ही: चेन ओढली म्हणजे चाक मागे सरकलं, आणि चाक मागे सरकलं म्हणजे मागच्या ब्रेकचा रॉड ताणला गेला. त्यामुळे चेन झाल्यावर ब्रेकच्या पेडलची ढील पुन्हा बघायची, चाक हाताने फिरवून ब्रेक घासत नाही ना याची खात्री करायची. एका कामातून दुसरं काम असं निघतं, आणि गाडी समजते ती तिथेच.

तेल म्हणून मी ९० नंबरचं गिअर ऑईल वापरतो. आधी रॉकेलने चेन धुवायची, पुसायची, मग खालच्या पदरावर आतल्या अंगाने थेंब थेंब सोडायचं. काम संध्याकाळी, घरी आल्यावर, चेन कोमट असताना. रात्रभर तेल आत मुरतं आणि सकाळी वरचं जादाचं पुसून टाकता येतं.

ऑईल बदलणं त्यानंतर. त्यात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे बोल्ट किती आवळायचा. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा. जोर जास्त झाला तर आटे जातात, आणि मग खर्च वाढतो. आप्पांनी माझ्या हातातला सतराचा रिंग पाना सरकवून मूठ डोक्याच्या जवळ आणली. "लांब धरलास की कळायच्या आत आटं जात्यात." बोल्ट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, काढून पुन्हा लावायचा. मग पाना जवळ धरून, वॉशर दाबला गेल्याचं हाताला कळेपर्यंत. तिथे थांबायचं. हे थांबणं वाचून येत नाही, आठ-दहा बोल्ट स्वतः लावल्यावरच येतं.

तेल १०डब्ल्यू-३०, डब्यावर जेएएसओ एमए (JASO MA, ओल्या क्लचच्या गाड्यांसाठीची खूण) लिहिलेलं बघून घ्या. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. तेलाची पातळी बघताना काडी नुसती आत टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला नेऊन द्या. गटारात किंवा ओढ्यात ओतू नका. आमच्या ओढ्यांचं पाणी शेवटी जनावरंच पितात.

प्लग बघायला तर सीटखालच्या किटमधला पानाही पुरतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, म्हणून एअर फिल्टर बघा. ओलसर, तेलकट काळं असेल तर इंजिन तेल पितंय, तेव्हा मेकॅनिककडे जा. फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून परत बसवता येतो. तेलकट कागदी फिल्टर मात्र धुवू नका आणि त्याला हवाही मारू नका. तो सरळ बदलायचाच असतो.

माझी गाडी बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, आधीची, कार्बोरेटरवाली. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे ढेबेवाडीच्या छोट्या दुकानातही तिचा बहुतेक माल मिळतो. शिकायला अशी गाडी मिळाली हे माझं भाग्य.

टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं), क्लच प्लेट, चाकाचं बेअरिंग ही कामं मी अजून गॅरेजवरच सोपवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची फट हाताने ओळखायला माझा हात अजून तयार नाही. पण आता गॅरेजमध्ये गेलो की "गाडीत काहीतरी आवाज येतोय" एवढंच सांगत नाही. आवाज गरम झाल्यावर येतो की थंड असताना, क्लच दाबल्यावर जातो की राहतो, हे सांगतो. मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि माझे पैसेही.

पुढचं काम मागचे ब्रेक शू. पेडल पूर्ण दाबलं की ब्रेकच्या दांड्यावरचा बाण प्लेटवरच्या खुणेला लागायला आलाय, म्हणजे शू संपत आलेत. नवे आणून ठेवलेत, रविवारी चाक काढणार. आप्पांनी दोन गोष्टी बजावल्यात. कुठला स्पेसर कुठल्या बाजूला होता ते काढायच्या आधी खडूने लिहून ठेवायचं, आणि ड्रममधल्या धुळीला तोंडाने फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.