एच-१ डबा, केबिन सी

पुतण्यानं बाबांना मोबाईलवर एक रील दाखवली, तिथून हे सगळं सुरू झालं. पेरू देशातली अँडियन एक्सप्लोरर नावाची गाडी. कुस्कोहून निघते, टिटिकाका सरोवराकाठच्या पुनोवरून अरेकिपाला जाते, वाटेत ४,३०० मीटरच्याही वर चढते. डब्यात पलंग, पियानो आणि विरळ हवेनं दम लागला तर ऑक्सिजनही. बाबांनी ती रील चार वेळा पाहिली. मग मला म्हणाले, "आपल्याइकडं नाई का रे अशी? झोपून जाची अन् उठून पहाड पाहाचे?"

बाबा ७४ वर्षांचे. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरो गेज, ११३ किलोमीटर, आमच्या दारव्ह्यावरून जायची. चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं, हे बाबा शपथेवर सांगतात. ती आता बंद आहे. वर्ध्याहून नवी लाईन कळंबपर्यंत आली, दारव्ह्याला येईल तेव्हा खरं.

माझं सेतू केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा आणि मधल्या वेळात रेल्वेची तिकिटं. गावातल्या निम्म्या लोकांचं तिरुपती-शिर्डी माझ्याच टेबलावरून झालंय, पण फर्स्ट एसीचं तिकीट आजवर एकानंही मागितलं नव्हतं. त्यामुळे मीही नवखाच.

बेत असा ठरला: नागपूर ते दिल्ली थर्ड एसी, दिल्ली ते वैष्णोदेवीचं कटरा रात्रीच्या गाडीनं फर्स्ट एसी, आणि कटऱ्याहून श्रीनगर वंदे भारत. दिल्लीहून थेट श्रीनगरची गाडी नव्हती, कटऱ्याला उतरावंच लागायचं. महिना फेब्रुवारी, म्हणजे कापूस-तूर घरात आणि पुढची धावपळ सुरू व्हायच्या आधी.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० चं ६० झालं. यात प्रवासाचा दिवस धरायचा नसतो. हे मी रोज दहा जणांना सांगतो आणि स्वतःच्या वेळी बोटांवर मोजताना प्रवासाचा दिवस धरून बसलो. एक दिवस उशीर झाला. वेटिंग ४. फर्स्ट एसीला आरएसी, म्हणजे अर्ध्या बर्थवर बसून जायची सोय, नसते. चार्ट लागेपर्यंत वेटिंग हललं नाही तर ऑनलाईन तिकीट आपोआप रद्द. म्हाताऱ्यांना घेऊन असला जुगार कोण खेळणार? थोडे पैसे कापून घेऊन ते रद्द केलं आणि पुढच्या तारखेसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा बसलो.

एजंटच्या खात्यावरून सुरुवातीची मिनिटं तिकीट निघत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर आरक्षण उघडल्यावर पहिला मान आधार पडताळलेल्या खात्यांचा. म्हणून माझं घरचं खातं आधारला आधीच जोडून ठेवलं होतं. आईबाबांची नावं आधारवर जशी आहेत तशीच आधी भरून ठेवली. (दोघांचीही जन्मतारीख १ जानेवारी. आमच्याकडे त्या पिढीचं अर्धं गाव त्याच दिवशी जन्मलंय.) आठ वाजले, चक्र फिरलं, आणि ओटीपी येईना. आमच्या गल्लीत नेटवर्क टाकीपाशीच लागतं. मोबाईल हातात धरून टाकीपर्यंत पळालो, ओटीपी पाहिला, घोकत परत आलो. मिळालं. तिघांचं, कन्फर्म.

पण तिकिटावर बर्थ नंबर नाही! पोटात गोळाच आला. मग कळलं की फर्स्ट एसीची रीतच तशी आहे. दोघांचा असतो तो कूपे, चौघांची ती केबिन. कोणाला काय ते चार्ट लागल्यावर ठरतं. आपण फक्त पसंती लिहायची. मी केबिन लिहिलं होतं. तिघे एकाच तिकिटावर ठेवा, वेगवेगळी काढू नका, एवढं मी आता गिऱ्हाइकांना ठामपणे सांगतो.

बाबांनी भाडं विचारलं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे पूर्ण भाडं. "म्हंजे दोन क्विंटल सोयाबीन एका रात्रीत झोपून काढाचं," असं म्हणून ते गोठ्याकडे गेले. दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी नवीन बनियन आणायला सांगितले, तेव्हा समजलो.

नागपूर-दिल्लीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दिल्लीत चार्ट लागला: एच-१ डबा, केबिन सी, दोन खालच्या बर्थ आणि एक वरची.

केबिनला सरकतं दार आणि आतून कडी. बाबांनी कडी लावली, काढली, लावली, काढली. मग टेकून बसले, गादी दाबली, म्हणाले, "पाठ दुखन याच्यावर." चौथे सोबती जम्मूचे एक डॉक्टर. ते वरच्या बर्थवर गेले, पण आईनं भाकरी-ठेच्याचं फडकं सोडल्याबरोबर खाली उतरले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर बाबा खिडकीशी बसले. काचेत त्यांना स्वतःचाच फेटा दिसत होता. मला म्हणाले, "दिवा मालव." दिवा गेल्यावर बाहेरचं दिसू लागलं: शेतं, एखाद्या ट्यूबवेलवरचा बल्ब, फाटकापाशी थांबलेला ट्रॅक्टर. पंजाबाचं शिवार ते रात्री बारापर्यंत बघत होते. शेतकऱ्याला डोंगरापेक्षा लोकाचा गहूच जास्त बघावासा वाटतो.

पहाटे माझा मोबाईल मेला. रेंजच नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड चालतं. हेही मला माहीत होतं! अमरनाथला जाणाऱ्यांना मी स्वतः सिम बदलून दिलंय. घरी बायको फोनची वाट बघत असणार आणि पुढची सगळी तिकिटं माझ्या मोबाईलमध्ये. तेव्हा आईनं पिशवीतून पोथी काढली. पोथीत प्रिंटा. मी केंद्रात खराब म्हणून टाकलेल्या, एका कोपऱ्यात शाई पसरलेल्या. तिनं उचलून आणल्या होत्या. घरी फोन डॉक्टरांच्या मोबाईलवरून केला.

गाडी तासभर मागे होती. ते बरंच झालं, नाहीतर जम्मूच्या पुढचे डोंगर अंधारातच गेले असते. आईनं उठल्याबरोबर चादरी-ब्लँकेटच्या घड्या घातल्या, उशा रचल्या. अटेंडंट म्हणाला, "रहने दो माताजी." आई मला म्हणाली, "लोकाच्या घरी हातरूण तसंच टाकून उठत नसते, सांग त्याले."

देवीचं दर्शन झालं, यात्रेचं आरएफआयडी कार्ड घेऊन, रीतसर. तो वेगळा विषय.

तिसऱ्या दिवशी वंदे भारत. कटऱ्याला सामानाची तपासणी कडक असते, घाईनं जाऊ नका. ही बसून जायची गाडी, साधारण तीन तासांची. कटरा ते बनिहाल १११ किलोमीटर, त्यातले ९७ किलोमीटर बोगदे. सगळ्यात लांब तर पावणेतेरा किलोमीटरचा. म्हणजे डोंगर बघायला गेलात तर बराच वेळ काचेत स्वतःचंच तोंड बघायचं. आईनं तुळशीची माळ काढली आणि बोगद्यामागे एक मणी सरकवू लागली. अंजीचा तारांवर तोललेला पूल आला आणि गेला. मग चिनाबचा. नदीपासून ३५९ मीटर उंच, १,३१५ मीटर लांब. खाली नदी हिरव्या दोरीसारखी. बाबा दोन्ही हातांनी पुढची सीट धरून होते. आईनं मान वर केली तोवर पुन्हा बोगदा. "मण्यात गेला माहा पूल," ती अजून म्हणते.

बनिहालनंतर पीर पंजालचा ११ किलोमीटरचा बोगदा. त्यातून काझीगुंडला बाहेर पडलो आणि दोन्ही अंगांना बर्फ. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जिनिंगमंदी रुईचा ढीग असते, तसं. पन कोनाचं आहे हे एवढं?"

बोगदे किती, यावर दोघांचं जमत नाही. आई म्हणते सव्वीस, बाबा म्हणतात तीसच्या खाली नाहीत. आईचा एखादा मणी चिनाबच्या गडबडीत राहिला असणार, असं त्यांचं म्हणणं.

आता बाबा दुपारी केंद्रात येऊन बसतात. परवा एकजण तिरुपतीचं स्लीपर तिकीट काढायला आला होता, तर त्याला म्हणाले, "पह्यले इचार, केबिन भेटते का. अन् ब्लँकेट वापस घेतेत बरं, पिशवीत नको भरू."