नववी इनिंग कोणाची?

१२ मार्च २०२५, बुधवार

बेसबॉलच्या नव्या सीझनमध्ये रेड सॉक्सच्या, म्हणजे आमच्या बॉस्टनच्या संघाच्या, पहिल्या मॅचला गॅरेट क्रोशे चेंडू टाकायला सुरुवात करणार, यावर आमच्या गाडीच्या डब्यात कोणाचंच दुमत नाही. भांडण त्याच्यानंतरचं आहे. सातवी इनिंग कोणाची, आठवी कोणाची, आणि शेवटची, म्हणजे नववी, चॅपमनला द्यायची की हेंड्रिक्सला? तिकडे फ्लोरिडात फोर्ट मायर्सला रेड सॉक्सचा सराव ऊन खात चाललाय. इथे नाटिकच्या फलाटाशेजारी बर्फाचे काळपट ढीग अजून वितळायचेत, आणि वुस्टरहून बॉस्टनला जाणाऱ्या गाडीत माणसं सकाळी सातला बुलपेनची, म्हणजे मैदानाकडेला बसून नंतर टाकायला येणाऱ्या पिचरांची, वाटणी करत बसलीयत.

दोन्ही बाजूंचे म्होरके ठरलेले. एकीकडे वायरमनकाका (हे नाव माझं, त्यांना ठाऊक नाही). साठी कधीच उलटलीय, जन्मभर इलेक्ट्रिशियन, आता म्हणे नुसती देखरेख करतात. दुसरीकडे सिस्टर. त्या लॅन्सडाऊनला उतरतात, रेड सॉक्सच्या मैदानाच्या, फेनवे पार्कच्या अगदी पाठीशी, आणि तिथून चालत हॉस्पिटलला जातात. मी मधल्या सीटवर. मधल्या माणसाला दोघंही साक्षीदार धरतात, हा या सीटचा तोटा.

काकांचं म्हणणं सोपं आहे: क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून मॅच राखणारा, एकच हवा, आणि तो आत्ता, मार्चमध्येच जाहीर करा. पुरावा म्हणून ते दर वर्षी २००३ साल काढतात. त्या वर्षी रेड सॉक्सने ठरवलं होतं की ठरलेला क्लोजर ठेवायचाच नाही. मॅच जिथे अडेल तिथे त्या वेळचा योग्य माणूस आणायचा, मग ती सातवी असो की नववी. आकडेवारीवाले बिल जेम्स तेव्हा नुकतेच संघाचे सल्लागार झाले होते, त्यामुळे कल्पनेचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. ३१ मार्चला टँपा बेशी पहिलीच मॅच. पेद्रो मार्टिनेझने सात इनिंग टाकून ४-१ अशी आघाडी हातात दिली. नवव्या इनिंगमध्ये एम्ब्री आणि फॉक्स या दोघांनी मिळून पाच धावा दिल्या. शेवटच्या तीन टँपाच्या कार्ल क्रॉफर्डच्या एका होमरनवर (आपल्या सिक्सरसारखा फटका). ४-६. सीझनच्या पहिल्याच रात्री योजनेची तिरडी बांधली गेली.

काका हे सांगताना आवाज खाली आणतात. बावीस वर्षं झाली, पण सुतक फिटलेलं नाही.

मला हा पुरावा कधीच पटला नाही. सगळ्यात अवघड जागी सगळ्यात चांगला माणूस आणायचा, ही कल्पना होती. पण सगळ्यात चांगला म्हणावा असा माणूसच त्या बुलपेनमध्ये नव्हता. पुढच्या वर्षी कीथ फोक आला. त्याला नुसतं नवव्या इनिंगपुरतं बांधून ठेवलं नाही, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध सलग तीन दिवस पिळून घेतलं, त्यातले दोन दिवस एका इनिंगपेक्षा जास्त, आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरीज, म्हणजे विजेतेपद, हाती आली. म्हणजे २००३ची कल्पनाच, फक्त माणूस बरा. हे बोललो तर काका खिडकीबाहेर बघायला लागले. वेल्स्ली गेलं तरी उत्तर नाही.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

इथे रंग नाही, ऑफिस आहे. पुरणपोळ्या काल रात्रीच झाल्या. सकाळी नाशिकला धाकट्याला फोन लावला. त्याच्या डोक्यावरून अजून चॅम्पियन्स ट्रॉफी उतरलेली नाही. "चार स्पिनर खेळवले दादा, चार! आणि कप आणला." रविवारपासून तो हे प्रत्येकाला सांगत असणार. मी त्याला आमच्या गाडीतलं भांडण सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे बुमराहला सांगतात का, तू फक्त शेवटची ओव्हर टाकायची म्हणून?"

जवळजवळ तसंच. पण एक फरक त्याला समजावताना माझंच डोकं साफ झालं. बुमराहला नव्या चेंडूवर दोन ओव्हर देऊन बाजूला ठेवता येतं, मधे जोडी जमली तर पुन्हा आणता येतं, आणि शेवटी तो आहेच. बेसबॉलमध्ये पिचरला एकदा काढलं की त्या दिवसापुरता तो संपला. परत येता येत नाही. त्यामुळे हुकमाचा पत्ता आठव्या इनिंगला टाकला तर नवव्या इनिंगला हात रिकामा. सगळी भीती या एका नियमातून येते. त्यात २०२० पासून आणखी एक पाचर मारून ठेवलीय: आलेल्या पिचरने निदान तीन बॅटरना तरी सामोरं जायचं, नाहीतर इनिंग संपवायची. एका डावखुऱ्यासाठी एक डावखुरा आणायचा आणि लगेच काढून घ्यायचा, ती चैन गेली.

धाकट्याने विचारलं, मग नवव्या इनिंगचाच एवढा बडेजाव का? धावा तर कुठल्याही इनिंगमध्ये सारख्याच मोजतात.

याचं अर्धं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या क्रीडा पत्रकाराने 'सेव्ह' हा आकडा काढला आणि १९६९ पासून तो अधिकृत झाला. तीन किंवा कमी धावांच्या आघाडीवर येऊन शेवटची इनिंग पुरी टाकली आणि मॅच राखली, की एक सेव्ह तुमच्या नावावर. आकडा आला की त्याला भाव आला, आणि भाव आला की पद आलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ओकलंडला मॅनेजर टोनी ला रुसाने डेनिस एकर्स्लीला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं, आणि १९९२ मध्ये ५१ सेव्ह करून एकर्स्ली साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) हे दोन्ही पुरस्कार घेऊन गेला. मग सगळ्यांनाच एक एकर्स्ली हवा झाला. गंमत म्हणजे हाच माणूस १९७८ मध्ये आमच्या बॉस्टनकडून स्टार्टर (पहिल्या इनिंगपासून टाकणारा) म्हणून वीस मॅच जिंकला होता.

फोन ठेवताना धाकटा म्हणाला, "दादा, तू पूर्वी एवढा बोलायचा नाहीस." ही आतून ओरडली, "इथे रोज ऐकते मी!"

१८ मार्च, मंगळवार

सीझन तांत्रिकदृष्ट्या आज सुरू झाला, तोही टोकियोत. डॉजर्स आणि कब्ज. आमच्याकडे सकाळचे सहा वाजून गेलेले. गाडीत तीन-चार फोनवर एकच मॅच, प्रत्येकाची काही सेकंद मागेपुढे, त्यामुळे एकाचा "आह" दुसऱ्याच्या आधी. ओहतानी खेळला, पण फक्त बॅटिंगला. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो अजून पिचिंगला परतलेला नाही.

खरा विषय दिला इमानागाने. कब्जकडून चार इनिंग टाकल्या, एकही हिट नाही, म्हणजे फटका मारून कोणी बेसवर पोचलं नाही. चार वॉक (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट मिळणारा बेस) मात्र दिले. ६९ पिच (चेंडू) झाल्या आणि त्याला काढलं. पुढच्याच इनिंगमध्ये डॉजर्सनी तीन धावा कुटल्या. काकांनी कपाळावर हात मारला. "एक हिट नाही आणि काढतात!" सिस्टर म्हणाल्या, मार्चमध्ये ६९ पुष्कळ झाल्या, हा हात त्यांना ऑक्टोबरपर्यंत वापरायचाय.

तिथून बोलण्याची गाडी आमच्या व्हिटलॉक या पिचरवर आली. ती येणारच होती. जिओलिटोची हॅमस्ट्रिंग दुखावलीय, बेयोचा खांदा अजून पूर्ण तयार नाही, क्रॉफर्डचा गुडघा (आमचा कटर क्रॉफर्ड, २००३चा तो कार्ल नव्हे). स्टार्टर कमी पडतायत, तर व्हिटलॉकला बुलपेनमध्ये का ठेवलाय, हा काकांचा सवाल. चार प्रकारच्या पिच आहेत त्याच्याकडे, डोकं शांत आहे, अजून काय पाहिजे?

मला वाटतं, इथे आकडे काकांच्या विरुद्ध आहेत, आणि ते काकांना पाठ आहेत. २०२० च्या डिसेंबरात यँकीजकडून रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या संघाचा राखीव खेळाडू उचलायची सोय) फुकटासारखा मिळाला आणि २०२१ ला बुलपेनमधून ७३ इनिंग टाकल्या, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) १.९६. मग स्टार्टर करायची हौस सुटली. २०२२ ला नऊ मॅच आणि खुबा. २०२३ ला दहा मॅच आणि कोपर. २०२४ ला चार मॅच झकास टाकल्या आणि पुन्हा कोपर, या वेळी थेट शस्त्रक्रिया. चांगला टाकत नाही म्हणून कोणी त्याला हलवलेलं नाही. शरीराने तीनदा नाही म्हटलंय.

बॉस्टनला या अदलाबदलीचा जुना नाद आहे, आणि त्यातून काही नियम निघतो म्हणावं तर तेही नाही. डेरेक लो २००० साली क्लोजर म्हणून ४२ सेव्ह, २००२ मध्ये स्टार्टर म्हणून २१ विजय, त्यात एक नो-हिटर (एकही हिट न देता अख्खी मॅच). पॅपलबॉनचं उलट. २००७ च्या मार्चमध्ये त्याला स्टार्टर करायची तयारी चाललेली, ऐन सीझनच्या तोंडावर निर्णय फिरवून परत क्लोजर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये डेनव्हरला वर्ल्ड सीरीजचा शेवटचा बॅटर त्यानेच बाद केला. आणि मग डॅनियल बार्ड. २०१२. आठव्या इनिंगचा दांडगा पिचर, त्याला स्टार्टर केला. दहा मॅचनंतर चेंडू कुठे जाईल हे त्यालाच कळेना. जूनमध्ये मायनर लीगला गेला, आणि पुन्हा मेजर लीगमध्ये नीट उभा राहायला त्याला २०२० उजाडलं, तेही कोलोरॅडोकडून. बार्डचं नाव निघालं की काकासुद्धा गप्प होतात.

आज मग मी माझं मत मांडूनच टाकलं. नववी चॅपमनला द्या, पण तो सगळ्यात भारी आहे म्हणून नव्हे. तो वॉक देतो म्हणून. गेल्या वर्षी पिट्सबर्गकडून ६१ इनिंगमध्ये ३९ वॉक. सदतिशीतही चेंडू आगीसारखा येतो, पण झोनमध्ये, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध पट्ट्यात, येईलच याची खात्री नाही. असा माणूस सातव्या इनिंगच्या मध्यात, दोन बेस भरलेले (म्हणजे दोन धावपटू वाटेवर) असताना आणणं म्हणजे आपणहून धाव देणं. नवव्या इनिंगची सुरुवात रिकाम्या बेसवर होते. एक वॉक दिला तरी सावरायला जागा असते. बेस भरलेले असताना व्हिटलॉक आणा. त्याचा सिंकर जमिनीकडे जातो, ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) निघतो, एका चेंडूवर दोन बाद होऊ शकतात. अवघड काम त्याचं, सेव्हचा आकडा चॅपमनचा. हेंड्रिक्स कर्करोगातून उठला, त्यानंतर कोपराची शस्त्रक्रिया, अजून लय सापडायचीय. त्याला घाई करू नका.

काकांना अर्धं पटलं, म्हणजे चॅपमनचं. कारण मात्र पटलं नाही. क्लोजर वॉक देतो म्हणून क्लोजर, हे त्यांना फार अपमानास्पद वाटलं.

सिस्टर एवढा वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, तू कोण कुठे हे सांगितलंस, पण त्यांना कधी सांगणार? मग त्यांनी त्यांच्या वॉर्डचं सांगितलं. ड्युटी रात्रीची असली तर त्या दुपारी झोपतात, जेवण त्या हिशेबाने घेतात. 'बघू, लागली तर बोलावू' अशी रात्र सगळ्यात वाईट. काम पडलं नाही तरी दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं.

मला एकदम फेनवेचे ब्लीचर्स आठवले. स्वस्तातली तिकिटं, बुलपेनच्या अगदी वर. फोन वाजला, एक जण उठला, जॅकेट काढलं, टाकायला लागला. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा असा खणखणीत आवाज टीव्हीवर कधी येत नाही. मैदानात डबल प्ले झाला, धोका टळला, तो बसला. पुढच्या इनिंगला परत फोन, परत तेच. तिसऱ्यांदाही. शेवटी त्याला बोलावलंच नाही. त्याने वीस-पंचवीस पिच सहज टाकल्या असतील. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या संध्याकाळी तो खेळलाच नव्हता.

सिस्टरांच्या बोलण्यानंतर माझ्या योजनेला एक कलम जोडावं लागलं. व्हिटलॉकला 'मॅच अडेल तेव्हा' असं सांगून भागणार नाही. सहावी संपली की तू तयार, आठवी संपली की तू मोकळा, असं काहीतरी ठरलेलं हवं. म्हणजे इनिंगचं पद नाही, पण वेळेचा पट्टा आहे. काका लगेच म्हणाले, हे पदच झालं की! असेल.

एक गोष्ट मात्र कोणी काढत नव्हतं, ती बॅक बे येता येता मी काढली. ज्याच्यावर आपलं एकमत आहे, त्या क्रोशेचं काय? तो मुळात बुलपेनमधला. गेल्या वर्षी शिकागोत पहिल्यांदा स्टार्टर झाला आणि १४६ इनिंग टाकल्या. त्याआधी मेजर लीगच्या सगळ्या वर्षांत मिळून ७३. त्यातच मधे कोपराची शस्त्रक्रिया. सीझनच्या उत्तरार्धात त्याला चार-चार इनिंगवरच काढत होते. डिसेंबरमध्ये आपण चार होतकरू पोरं देऊन त्याला घेतला. म्हणजे व्हिटलॉकला जमलं नाही तेच याला जमेल, यावर सगळा डाव लावलाय. ऑगस्टमध्ये तो १४६ च्या पुढे जाईल तेव्हा काय?

"ऑगस्टचं ऑगस्टमध्ये बघू," काका म्हणाले, आणि व्हिटलॉककडे वळले.

पहिली मॅच २७ तारखेला, टेक्सासला, गुरुवारी दुपारी. त्याच वेळी ऑफिसात आढावा बैठक लावून ठेवलीय. उद्या कॅलेंडर उघडून ती शुक्रवारवर ढकलायची.