तिस्कचं वायरिंगचं दुकान: आमची वाटचाल

गोव्यात उसगाव तिस्कला आमचं दुकान सुरू झालं ते टिप्परच्या वायरिंगवर. लोहखनिजाच्या खाणी तेव्हा जोरात होत्या. दिवसभर खनिज धक्क्यावर जायचं आणि रात्री आठनंतर कुणाचा सेल्फ, कुणाचा डायनामो, कुणाचे हेडलाइट घेऊन दुकानापुढे रांग लागायची. बाबा स्वतः टिप्परवर ड्रायव्हर, त्यामुळे गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. मी, धाकटा भाऊ, एक टेस्ट लॅम्प, एक मीटर आणि उधारीची वही. पोकलेनच्या, म्हणजे खोदकामाच्या मशीनच्या, वाटेला आम्ही जात नव्हतो. ते काम कंपनीच्या माणसांचं, अशी आमची समजूत.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. आमच्यापुरतं सांगायचं तर रांग संपली आणि वहीतली उधारी वहीतच राहिली. ज्यांच्या अंगणात पोकलेन उभे होते त्यांचे बँकेचे हप्ते मात्र थांबले नव्हते. मशीनं विकायला निघाली. घाट उतरून खानापूर-बेळगावचे, इकडून दोडामार्ग-सावंतवाडीचे लोक घ्यायला येऊ लागले. त्यातल्याच एकाने दुकानापाशी ट्रेलर थांबवला. "चालू होतं, पण दहा मिनिटांत मान टाकतं. बघता काय हो?"

त्या मशीनने आम्हाला पोकलेन शिकवला आणि शिकवणीही वसूल केली. मॉनिटरवर रेल प्रेशर सेन्सरचा, म्हणजे इंजिनातल्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, बिघाडाचा कोड होता. आम्ही सेन्सर मागवला, बसवला. कोड तसाच. सोबत ऑइल प्रेशर आणि बूस्ट प्रेशरचेही (टर्बोच्या हवेचा दाब) कोड येत होते, पण ते एकामुळे दुसरा आला असेल म्हणून आम्ही सोडून दिले होते. एका फिटरने ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला म्हणून सांगितलं आणि मालक बिचारा पैशांच्या जमवाजमवीला लागला. रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "तीन सेन्सर एकाच दिवशी मरतात कधी?"

सकाळी सर्किट काढून बसलो. तिन्ही सेन्सरांना ईसीएमकडून येणारा पाच व्होल्टचा पुरवठा एकच होता. मशीन तापवलं, त्याने मान टाकल्यावर लगेच मीटर लावला. पाचच्या जागी जेमतेम अर्धा व्होल्ट. सेन्सर आतून शॉर्ट असेल तर त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढताच पाच व्होल्ट परत यायला हवेत. एकेक करत तिन्ही काढले, आकडा हलला नाही. मग मी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत इंजिनाच्या मागे गेलो आणि भाऊ मीटरवर डोळे लावून बसला. मागच्या क्लिपपाशी वायर वाकवली तसा तो ओरडला, "आले, पाच आले!" टेप सोलली तर क्लिपच्या काठाला घासून वायरीवरचं प्लॅस्टिक गेलेलं आणि आतलं तांबं ब्लॉकला टेकत होतं. काम काय, तर वीतभर वायर, हीट श्रिंक (तापवल्यावर वायरीवर आवळून बसणारी नळी) आणि रबर लावलेली नवी क्लिप. सेन्सरचे पैसे आम्ही घेतले नाहीत. तो सेन्सर अजून कपाटात आहे.

तेव्हापासून कोड दिसला की आम्ही आधी शेवटचा आकडा बघतो. कमिन्ससारख्या इंजिनात कोडचे दोन भाग असतात, एसपीएन आणि एफएमआय. बिघाड कशाचा ते एसपीएन सांगतो, कसला ते एफएमआय. एसपीएन १०० म्हणजे ऑइल प्रेशर. पुढे एफएमआय ३ असेल तर सिग्नलचं व्होल्टेज जास्त आहे, ४ असेल तर कमी. म्हणजे वायर, कपलर नाहीतर सेन्सर. पण एफएमआय १ आला तर ऑइल खरोखरच कमी दाबाने फिरतंय. मशीन तिथेच बंद करा आणि साधा गेज लावून बघा. हा फरक न बघता सेन्सर बदलून इंजिन जाम करून घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

खाणी मध्ये सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. उभ्या मशीनची हालत चालत्यापेक्षा वाईट. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा म्हणजे कपलरच्या पिनांवर हिरवं साचतं, सीटखाली उंदीर संसार मांडतात. अर्थिंगची पट्टी वरून धड दिसते आणि टोकाच्या लगमध्ये (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोपणात) कुजलेली असते. ओहममध्ये मोजली तर मीटर ती ठीकच दाखवतो, कारण त्याला एक तारही पुरते. म्हणून आम्ही सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंतचा ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की पट्टी बदलायची, बाकीचं नंतर. निम्म्या "सेन्सर गेला"च्या तक्रारी इथेच मिटतात. इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर तर बदलण्याआधी काढून पुसून बघावा. टोकाच्या चुंबकाला फ्लायव्हीलच्या दात्यांचा चुरा चिकटलेला असतो.

जुनं मशीन घेण्याआधी तपासून देणं हे आता आमचं मुख्य काम झालं आहे, आणि त्याला कारण एक रेझिस्टर. एक पोकलेन बघायला गेलो होतो. सकाळची वेळ, ब्लॉक हाताला थंडगार. चावी फिरवली तर टेंपरेचरचा काटा थेट मध्यावर, स्कॅनरवर ८२ अंश. इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं! कूलंट सेन्सरचा कपलर बघितला तर सेन्सर रिकामा लोंबत होता आणि दोन वायरींमध्ये रेझिस्टर डाग देऊन, वर काळी टेप मारून बसवलेला. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. इथे तो कायमचा एकाच आकड्यावर अडकवला होता. खरा सेन्सर जोडून अर्धा तास खोदकाम करायला लावलं, काटा लाल पट्ट्यात. गिऱ्हाइकाने मशीन घेतलं नाही. विकणारा गृहस्थ अजून आमच्याशी बोलत नाही.

आता दुकानात आयटीआय झालेली दोन पोरं आहेत. खाणीवरचं काम थोडं, चिरेखाणींचं आणि रस्त्यांचं जास्त. मोपा विमानतळाचं काम चालू होतं तेव्हा पेडण्याच्या फेऱ्याही पुष्कळ झाल्या. सेन्सर "बायपास" करून द्या म्हणणारे आठवड्याला एकदोन येतात. त्यांना चहा देतो, काम घेत नाही. उसगावात यावरून आम्हाला शिष्ट म्हणतात, म्हणोत.

घेण्याआधी मशीन आम्हाला दाखवायचं असेल तर विकणाऱ्या मालकाला दोनच गोष्टी सांगा: आदल्या रात्रीपासून ते बंद ठेवायचं, आणि जुने कोड पुसायचे नाहीत. आम्ही पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावतो. गरम लागला तर मीटर पिशवीतच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत येतो.