तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात दाखवता तरी काय?

पालकसभेत, एसटीत, आणि दरवर्षी पाठ घ्यायला येणाऱ्या बीएडच्या पोरांकडून तर हमखास हाच प्रश्न येतो. मॅडम, पृथ्वी जीवसृष्टीला कशी जगवते, ती चक्रं, परिसंस्था वगैरे नववीला तुम्ही शिकवता कशी, इथं ना जंगल ना समुद्र, दाखवायचं काय? विचारलंत म्हणून एकदा निवांत लिहिते.

समुद्राचं म्हणाल तर तो आपल्या नळाला येतो की, रोज नाही, चार-पाच दिवसाआड. पाण्याच्या दिवशी निम्मा वर्ग उशिरा येतो, मी रागवत नाही, उलट तोच दिवस जलचक्राला धरते. पाणी कुठून आलं? टाकीतून. टाकीत? उजनी धरणातून. उजनीत? पावसातून. कुठला पाऊस? इथं गाडी अडते, कारण जुलैत आपल्याकडं नुसता वारा आणि ढगांची पळापळ, अंगण कोरडं, आणि तरी घरात वडील मोबाईल बघून सांगत असतात की दौंडचा विसर्ग वाढला, उजनी प्लसमध्ये येणार. पोरांनी हे लहानपणापासून ऐकलेलं असतं पण विचार कुणी केलेला नसतो. मग नकाशा काढायचा. अरबी समुद्रावरून वारं बाष्प घेऊन येतं, सह्याद्रीला अडून वर चढतं, थंड होतं, तिथंच कोसळतं, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर आणि आपल्याला साडेपाचशे-सहाशे. (पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं कृत्रिम पावसाच्या प्रयोगाला सोलापूर निवडलं ते काय उगाच नाही.) तिकडं पडलेलं पाणी भीमेतून, मुळा-मुठेतून दौंडवरून उजनीत. आणि उजनी प्लस-मायनस म्हणजे काय तेही त्यातच येऊन जातं. ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणात ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा आहे, म्हणजे तळाशी राहणारं, नेहमीसारखं सोडता न येणारं पाणी, पाणी त्याच्या खाली उतरलं की मायनस, म्हणजे मायनसमध्येही धरणात पाणी असतंच. हे कळल्यावर पोरं घरी जाऊन वडिलांना शिकवतात, त्याचे फोन मला येतात!

आता हरभरा. मला विचाराल तर अख्ख्या वर्षातला सगळ्यात भारी तास हा. डिसेंबरात शाळेजवळच्या काळ्या रानात जायचं, मालकाची परवानगी काढून हरभऱ्याची दोन-चार झाडं खुरप्यानं मुळासकट काढायची, उपटायची नाहीत, उपटली की गाठी मातीतच राहतात. बादलीत हलक्या हातानं मुळं धुवायची. मग दिसतात गाठी, मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या, एकमेकीला चिकटून. ब्लेडनं एक मधोमध कापायची आणि बोटावर धरायची, आत गुलाबी, लालसर. एक पोरगं दरवर्षी म्हणतंच, मॅडम, रक्त हाय का बे हे? (मग बे म्हटलं म्हणून जीभ चावतंय.) आणि खरं सांगायचं तर फार चुकत नाही ते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातला. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला वापरता येईल असा करून देतात, पण ज्या विकरानं (एन्झाइमनं) हे काम होतं त्याला ऑक्सिजन चालत नाही, आणि जिवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजन पाहिजेच, म्हणून तो लाल पदार्थ ऑक्सिजन बेताबेतानं पोचवतो. राखाडी किंवा हिरवट गाठ असली तर समजायचं तिचं काम थांबलंय.

इथं मी पोरांना युरियाच्या पिशवीची आठवण करून देते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, झाड त्यात उभं, आणि तरी त्याला तो घेता येत नाही म्हणून आपण पिशवी आणतो. त्या पिशवीसाठी आधी अमोनिया करावा लागतो, कारखान्यात ४०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब देऊन. हेच काम ही मोहरीएवढी गाठ आपल्या हिवाळ्यात, मातीत बसून करते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. शेतकऱ्याच्या घरातली पोरं लगेच म्हणतात, म्हणून आजोबा तूर-हरभऱ्यावर पीक फिरवतात होय. हां, म्हणूनच.

आणि मग मी परत उजनीवर येते, कारण माझा पुस्तकावरचा राग इथंच आहे. जलचक्र एकीकडं, नायट्रोजन चक्र दुसरीकडं, प्रदूषण तिसऱ्याच धड्यात, पोरांना वाटतं ही वेगवेगळी खाती आहेत. उजनीचं पाणी हिरवं का होतं? वरच्या शहरांचं सांडपाणी, शेतातून वाहून आलेलं खत, म्हणजे तोच नायट्रोजन आणि सोबत फॉस्फरस. रानात ज्याच्यासाठी हरभऱ्याला जिवाणू पोसावा लागतो तोच धरणात नको एवढा साचला की शेवाळ माजतं, मेलं की कुजतं, कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे मरतात. हे कुठून आलं आणि पुढं कुठं जाणार, एवढे दोन प्रश्न पोरांच्या तोंडी बसले की माझं निम्मं काम झालं, मग नळ असो, भाकरी असो नाहीतर पाठ्यपुस्तक.

राहिलं जंगल. तर बघा, पर्यावरणावर कुठलाही प्रश्न टाका, पोरं उत्तर देतात झाडे लावा झाडे जगवा. पोस्टर स्पर्धेत तर तेच, हिरवं झाड आणि दोन हातात पृथ्वी. मला ते पोस्टर आता बघवत नाही. आपल्याकडं नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं, तिथं झाडी नाही, माळ आहे, गवत आहे, आणि ते तसंच असायला पाहिजे. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच, त्याला लांबवर नजर जाणारं रान लागतं, खातो नाकतोडे, किडे, बिया. काळवीट त्याच गवतावर, लांडगा काळवीटावर. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली, कार्बनसुद्धा बराचसा जमिनीखाली. अशा माळावर कुणी उत्साहानं रोपं लावली तर फोटो छान येतात पण माळ संपतो. माळढोक आता तिथं दिसणं जवळपास नशिबाचीच गोष्ट आहे, पोरांना मी तसं स्पष्ट सांगूनच नेते. काळवीट दिसतात. पोरं आधी नाराज होतात, इथं काय हाय मॅडम, नुसतं गवत, मग गुडघ्यावर बसवून हातभर जागेत काय काय हलतंय ते वहीत लिहायला लावते आणि अर्ध्या तासानं उठवताना मलाच ओरडावं लागतं.

पोर्शनचं विचारता ना, होतो पूर्ण. आकृत्या पाठ करून घेते, मार्क त्यालाच आहेत, त्यात लाज कसली.

आणि कुणाला हरभऱ्याचा तास घ्यायचाच असेल तर पेरणीनंतर दीड महिन्याच्या आसपास घ्या, घाटे भरायला लागले की गाठी सुकायला लागतात, आत गुलाबी काही दिसत नाही आणि पोरं तुमच्याकडं बघत बसतात. ब्लेड स्वतःच्या हातात ठेवा. आणि मालकाला आधी सांगा किती पोरं येणार ते, कारण परतताना प्रत्येकाच्या खिशात हरभऱ्याचा पाला असतो.