माझ्यात अजून उडी आहे

नाशिक जिल्ह्यात मैदानी खेळ म्हटलं की लोकांना पळणारी पोरंच आठवतात आणि त्यात चूक काही नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं, आणि तेव्हापासून पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या पट्ट्यातली कुठलीही पोरगी मैदानावर दिसली की पहिला प्रश्न हाच, काय गं, किती मीटर पळतेस? उंच उडी मात्र कायम मैदानाच्या कोपऱ्यात. प्रेक्षक ट्रॅककडे तोंड करून बसलेले, माइकवर शंभर मीटरची नावं पुकारली जातायत, आणि कोपऱ्यात आम्ही दोन-तीन पंच, ओलांडायचा एक आडवा बार, पलीकडे पडायला एक मॅट आणि नंबर लावून बसलेली मुलं. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि शालेय स्पर्धांना बहुतेक वेळा उंच उडीचीच पंच असते, स्वतः मागून घेते खरं तर, मला हा खेळ फार आवडतो. कारण यात शेवटी प्रत्येक जण बार पाडूनच थांबतो, जिंकणारासुद्धा. ज्या उंचीवर आपलं संपतं ती उंची बघितल्याशिवाय घरी जाता येत नाही.

तर हे झालं नाशिकच्या हिरावाडीतल्या क्रीडा संकुलात, मुलींच्या १७ वर्षांखालच्या गटात. दिवाळीच्या आधीचे दिवस, परतीचा पाऊस रात्री येऊन गेलेला, सकाळी आभाळ भरलेलंच. मुलींची नावं आणि शाळा मी देत नाही, लहान आहेत. एक सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतली आणि एक इथली, नाशिक शहरातल्या गंगापूर रोडची, एवढं पुरे.

गंगापूर रोडच्या मुलीची सगळी तयारी व्यवस्थित. स्पाइक्स, रन-अप मोजायला टेप, खुणेला चिकटपट्टी, सोबत कोच. ती फॉसबरी फ्लॉप मारते, म्हणजे वळण घेत पळत येऊन बारकडे पाठ करून उलटं पलीकडे जायचं, हल्ली टीव्हीवर सगळे मारतात तीच. सुरगाण्याची मुलगी अनवाणी. एका पालकाने मला येऊन विचारलं, मॅडम हे चालतं का नियमात? चालतं, अनवाणी उडी मारायला काहीच हरकत नाही. तिने चुन्याच्या फक्कीची एक चिमूट उचलून स्वतःची खूण केली आणि ती मारायची कैची, म्हणजे बाजूने येऊन एक पाय पलीकडे मग दुसरा पाय पलीकडे आणि मॅटवर चक्क पायांवर उभी.

ही कैची बघून आजूबाजूच्या काही पोरी हसल्या, आणि मला ते लागलं. का मारते ती कैची? कारण तिच्या शाळेत मॅट नाही. तिच्या सरांनी नंतर सांगितलं, दोन बांबू, मध्ये दोरी आणि पलीकडे भाताचा पेंढा, एवढ्यावर सराव. पेंढ्यावर मानेवर पडून बघा एकदा! डिक फॉसबरीने १९६८ ला मेक्सिकोत २.२४ मीटर मारून सुवर्ण घेतलं तेव्हापासून जग उलटं उडायला लागलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी फोमच्या गाद्या आल्या होत्या म्हणून ते जमलं हे कुणी सांगत नाही. वाळूत आणि भुश्शात पडायचं असेल तर माणूस पायांवरच पडणार. आणि अजून एक, फ्लॉपमध्ये अंग कमानीसारखं वाकवून बारवरून सोडता येतं, कैचीत कंबर, धड सगळं उभंच्या उभं बारच्या वर न्यावं लागतं. म्हणजे त्याच उंचीला सुरगाण्याची पोरगी प्रत्यक्षात स्वतःला जास्त वर उचलत होती. मी हे हसणाऱ्या पोरींना तिथल्या तिथे सांगितलं. मग गप्प बसून नीट बघायला लागल्या.

१.१० मीटरला सुरुवात झाली. मधलं सांगत नाही, एकेक मुलगी गळत गेली आणि १.३२ ला या दोघीच उरल्या. दोघींनी १.३२ दुसऱ्या प्रयत्नात काढलं. १.३५ ला दोघींचे तीनही प्रयत्न गेले. मी शीट बघितलं. बरोबरी झाली की आधी बघायचं शेवटी पार केलेल्या उंचीला कुणाच्या चुका कमी, तिथे दोघींची एक-एक. मग त्या उंचीपर्यंतच्या एकूण चुका, तर एकीची १.२० ला एक गेलेली आणि दुसरीची १.२९ ला एक. सगळं सारखं. सोबतच्या पंच सरांनी परत मोजलं, मी परत मोजलं, तेच.

आता पहिल्या नंबरसाठी जंप-ऑफ, म्हणजे एकेक उडी, दोघी चुकल्या तर बार २ सेंटीमीटर खाली, दोघींनी काढली तर २ सेंटीमीटर वर, एक काढेल आणि दुसरी चुकेल तोपर्यंत. किंवा दोघींनी मिळून ठरवलं की आता उडी नको, तर दोघी पहिल्या. हे मी दोघींना समोर बसवून नीट सांगितलं आणि सांगता सांगता आजूबाजूला एकदम उत्साह आला, कारण टोकियो ऑलिंपिकची उंच उडी सगळ्यांच्या डोक्यात होती. १ ऑगस्ट २०२१, कतारचा बर्शिम आणि इटलीचा तांबेरी, दोघांचं २.३७ आणि तिथपर्यंत एकही चूक नाही, २.३९ ला दोघांचे तिन्ही गेले. बर्शिमने अधिकाऱ्याला विचारलं दोन सुवर्णं मिळू शकतात का, दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं, आणि त्यांच्या गळाभेटीचा तो व्हिडिओ तर प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेलेला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर तांबेरीचा घोटा गेला होता, बर्शिमचाही नंतर गेला, दोघं मित्र, एकमेकांचं दुखणं बघितलेले. मला तो प्रसंग आजही आवडतो.

तर गंगापूर रोडच्या मुलीचे कोच लगेच म्हणाले, मॅडम दोघींना पहिला देऊन टाका, किती छान दिसेल. आश्रमशाळेचे सरही म्हणाले, हो हो घे बाळा, पहिला नंबर आहे. कुणीतरी फोटोसाठी मोबाइल काढला. गंगापूर रोडची मुलगी हात पुढे करायला निघालीसुद्धा, अगदी मनापासून, आनंदाने.

सुरगाण्याची मुलगी बारकडे बघत होती. सकाळपासून ती जेमतेम दोन शब्द बोलली असेल. ती म्हणाली, "मॅडम, माझ्यात अजून उडी आहे."

सर म्हणाले, अगं हरलीस तर दुसरी येशील. ती म्हणाली, "येईन ना सर. पण मारू द्या."

एक-दोघांच्या चेहऱ्यावर मला नाराजी दिसली, म्हणजे बघा ही, चांगलं मिळतंय तर हट्ट कशाला. मला एकदम पॅरिस आठवलं. २०२४ च्या ऑलिंपिकला पुरुषांच्या उंच उडीत असंच झालं होतं, न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन दोघं २.३६ वर अडकले, पण त्यांनी सुवर्ण वाटून घेतलं नाही, जंप-ऑफला गेले. २.३८ दोघं चुकले, २.३६ दोघं चुकले, २.३४ ला मॅकइवन चुकला आणि हॅमिशने काढलं. नंतर लोक मॅकइवनला काय काय बोलले, हातातलं सुवर्ण घालवलं म्हणून. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही दोन तट पडले होते. माझं तेव्हाही मत हेच होतं आणि आता तर अजून पक्कं आहे की टोकियोवाले जितके खिलाडू तितकेच पॅरिसवाले. समोरच्याला गळाभेट देणं हा मान आहे, तसाच त्याच्यासमोर आपली शेवटची उडी मारणं हाही मानच आहे. आपण पोरांना खिलाडूवृत्ती शिकवतो ती बहुतेक वेळा हरल्यावर हात मिळवायची शिकवतो. जीव तोडून जिंकायला जाणं हे त्यातच येतं हे सांगायचं राहून जातं, आणि मुलींच्या बाबतीत तर फारच राहून जातं. मुलगी वाटून घेते तेव्हा सगळ्यांना बरं वाटतं. मुलगी म्हणाली मला जिंकायचंय, की लगेच हट्टी.

गंगापूर रोडच्या मुलीने हात खाली घेतला, दोन क्षण तिच्याकडे बघितलं आणि कोचला म्हणाली, "सर, मला पण मारायचीय." आणि मग दोघी हसल्या, पहिल्यांदाच एकमेकींकडे बघून.

बार १.३५ वर. दोघी चुकल्या. १.३३ वर आणला. गंगापूर रोडवालीने स्वच्छ काढला. सुरगाणावालीने काढला पण टाच लागली, बार हलत राहिला हलत राहिला आणि थांबला, पांढरा झेंडा दाखवताना माझा हात थरथरत होता हे मी मोकळेपणाने सांगते. तोपर्यंत ट्रॅकवरची पोरं उठून आमच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिलेली. बार परत १.३५. आणि नेमका बारीक पाऊस सुरू झाला.

गंगापूर रोडची मुलगी आधी, ती चुकली. आता सुरगाण्याच्या मुलीने हा काढला तर विषय संपला, ती पहिली. ती पळत आली आणि उडी घ्यायच्या जागेवर तिचा अनवाणी पाय घसरला, पण बारला हात न लागू देता तिने स्वतःला सावरलं आणि थांबली. बार जागेवर, वेळ चालू, म्हणजे तिला परत येऊन मारता येत होतं. ती खुणेवर परत गेली. आणि तेवढ्यात गंगापूर रोडची मुलगी आपला टॉवेल घेऊन माझ्याकडे धावत आली, "मॅडम, तिची जागा पुसू का?" मी मान हलवली. ती गुडघ्यांवर बसली आणि पुसायला लागली, भराभर, जोर लावून. ती जागा तिची स्वतःची नव्हती हे लक्षात घ्या. एकीचा उडीचा पाय डावा, दुसरीचा उजवा, त्यामुळे एक उजवीकडून यायची आणि एक डावीकडून. ती पुसत होती ती जागा फक्त समोरचीच्या कामाची होती, आणि समोरचीने ती उडी काढली की हिचा पहिला नंबर जाणार होता. तिच्या आईने लांबून हाक मारली, तिने वळून बघितलं नाही. पुसून झाल्यावर तळहात टेकवून बघितला आणि "ये" म्हणून बाजूला झाली.

सुरगाण्याची मुलगी आली. काय उडाली! कंबर वरून गेली, पुढचा पाय गेला, मागच्या पायाचा अंगठा लागला आणि बार पडला. अख्ख्या कोपऱ्यातून एकच आवाज निघाला.

परत १.३३. गंगापूर रोडवालीने काढला. सुरगाणावाली आली, यावेळी पायात जोरच नव्हता, बार छातीनेच पडला. लाल झेंडा. ती मॅटवरून उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "संपली मॅडम आता." चेहऱ्यावर अगदी समाधान. मी इतक्या मुलींना हरताना बघितलंय, रडणाऱ्या, रुसणाऱ्या, पंचांशी भांडणाऱ्या, पण सगळं वापरून झाल्याचा असा आनंद क्वचित बघितला.

तिकडे जिंकलेलीला तिची आई विचारत होती, तू का गं पुसलंस, ती गेली असती म्हणजे? आणि ती टॉवेल पिळत म्हणाली, "मग ती जिंकली असती. पण घसरून पडली असती तर मला काय कळलं असतं?" आई पुढे काही बोलली नाही. नंतर डब्यातला पराठा काढून तिने आधी सुरगाण्याच्या मुलीला दिला.

बक्षिसं व्हायला वेळ होता, पाऊसही थांबला. बघते तर दोघी मॅटवर. एक दुसरीला फ्लॉप शिकवतेय, आधी नुसतं उभं राहून मागे पडायचं, मग दोन पावलांवरून. बार काढून ठेवलेला. चौथ्या-पाचव्या वेळेला तिला ते वळण सापडलं आणि ती किंचाळली, दिवसभरात तिचा मोठा आवाज मी तेव्हाच ऐकला. मग हिने तिच्याकडून कैची शिकायचा प्रयत्न केला आणि बसली दाणकन मॅटवर, दोघी लोळून हसतायत.

मी मात्र आश्रमशाळेच्या सरांना बाजूला घेऊन बजावलं की घरी जाऊन पेंढ्यावर ही फ्लॉप अजिबात करू देऊ नका, मान जाईल, मॅट येईपर्यंत कैचीच. सर म्हणाले, मॅडम, मॅट येणार कधी? नवीन मॅट आमच्या बजेटमध्ये बसत नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही म्हटलं, खरंच विचारलं. आणि मी त्यावर नुसती मान हलवून निघून येऊ शकले नाही.

आमच्या शाळेत जुने फोमचे तुकडे पडून आहेत, कव्हर फाटलंय म्हणून वापरात नाहीत. गंगापूर रोडच्या मुलीच्या कोचकडेही थोडे आहेत. सगळे नीट रचून वरून जाळी घट्ट बांधली आणि जाड ताडपत्रीचं कव्हर शिवलं तर सरावापुरता मॅट होईल, फक्त दोन तुकड्यांच्या मध्ये फट राहायला नको, पाय त्यातच अडकतो. मुख्याध्यापकांची परवानगी मिळालीय, जाळीवाला बघून ठेवलाय. सुरगाण्यापर्यंत छोटा टेम्पो करावा लागेल, त्याचं भाडं विचारलंय. कोच म्हणाले निम्मं मी देतो, आणि त्या मुलीने निरोप पाठवलाय की टेम्पो जाईल तेव्हा मलाही न्या, शनिवार असला तर बरं.