पटावर आहे, वर्गात नाही

जुलै 2022 मध्ये शाळाबाह्य मुलं शोधायची मोहीम राज्यभर सुरू होती, ‘मिशन झीरो ड्रॉपआउट’. आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. माझ्या सहावीतला एक मुलगा पटावर होता, वर्गात नव्हता. पण मोहिमेच्या यादीतही तो बसेना. सलग महिनाभर गैरहजर असेल तर मूल शाळाबाह्य धरतात; हा पंधरवड्यातून एखाद्या दिवशी यायचा, मागे बसायचा आणि जायचा. एवढ्यावर तो नियमित ठरत होता.

मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरीत होता. शाळाच नाही, तर पोराला आजीपाशी ठेवायचं कशाला, म्हणून आईबापांनी ऊसतोडीच्या टोळीबरोबर नेलं. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला उघडले आणि पुढच्या पंधरा दिवसांत टोळी पुन्हा निघाली. परत आला तो थेट सहावीत.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आजी म्हणाली, “मॅडम, ते तर रोज दप्तर घिऊन जातंय की!” वडील शेतात पाळी घालत होते. त्यांना वाटत होतं पोरगं शाळेत आहे. मला वाटत होतं पोरगं त्यांच्या हाताखाली आहे. सापडला ओढ्याकाठी, दुसऱ्याची शेळ्या-करडं राखत. दप्तर बाभळीला अडकवलेलं.

मी रागावले नाही. ऊसतोडीच्या गप्पा काढल्या. टनाला अडीचशे धरले तर बारा टनांचे किती, असं सहज विचारलं. “तीन हजार,” शेळीवरची नजर न काढता तो म्हणाला. पुढं उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, फेडून किती उरतील, तेही तोंडी सांगितलं. दप्तरात कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या होत्या, जपून घडी घातलेल्या. वजन, तारीख, गाडी नंबर त्यानं धडाधड वाचले. वर छापलेल्या गावाच्या नावावर मी बोट ठेवलं. त्याच गावच्या फडात त्यानं अख्खा हिवाळा काढला होता. तो गप्प झाला. मग म्हणाला, “मला वाचता येत न्हाई, मॅडम. बारकी पोरं हासतेत.”

आमच्या अहवालात गैरहजेरीची कारणं होती: स्थलांतर, घरकाम, आजारपण. लाजेला रकाना नव्हता. शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “आता हाताला लागायचं नाही ते.” अशी वाक्यं मुलांच्या कानावर जातात, हे शिक्षकांना कळायला हवं. पुढं जानेवारीत आलेल्या ‘असर 2022’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत देशाची पटनोंदणी 97.2 वरून 98.4 टक्क्यांवर गेली होती. पण दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीतली मुलं 2018 ला 50.5 टक्के होती, ती 42.8 वर आली. आम्हाला वर विचारणा होते ती पटाची. वाचनाची चौकशी करायला कुणी येत नाही.

मी मधल्या सुट्टीनंतरचा तास इयत्ता मोडून पातळीवर बसवला: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक गटात तिसरीपासून सातवीपर्यंतची मुलं, म्हणजे एकटा मोठा कुणी उठून दिसत नाही. त्याला दुसरीचं पुस्तक दिलं नाही. त्याच्याच पावत्या दिल्या. पहिल्यांदा गावाचं नाव, मग कारखान्याचं, मग उसाच्या जातीचं. ‘को 86032’ मधला आकडा त्याला येत होता, त्याआधीचा ‘को’ त्यानं माझ्यासमोर फोडून वाचला. मोठ्या मुलाला लहान मुलाचं पुस्तक देऊ नये, हे मी ठासून सांगेन. दिवाळीपर्यंत तो शब्दावरून परिच्छेदाकडे सरकत होता आणि बहुतेक रोज येत होता.

मग टोळी निघाली. बारा वर्षांचा मुलगा बैलांना वैरण घालतो, पाणी दाखवतो. बापाला तो लागतो. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं गावातच राहावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाचं मी सांगून पाहिलं, वडील नाही म्हणाले. शेवटी शिक्षण हमी कार्ड भरलं; ते दाखवून स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. त्यावर इयत्ता सहावी लिहावीच लागते. मी वेगळ्या कागदावर पातळी लिहिली, कोणत्या जोडाक्षरांना अडतो ते लिहिलं, माझा नंबर घातला आणि कागद कार्डाला टाचला.

त्या हंगामात तो सांगलीकडे होता. तिथल्या शाळेत अधूनमधून जातो, असं वडील फोनवर सांगायचे. कारखान्यांच्या परिसरात शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: असा मुलगा कार्ड घेऊन आला, तर त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका.